ऑफिसचा लॅपटॉप घरी नांदायला येतो तेव्हा

नोकरी बदलली किंवा निवृत्तीचा दिवस आला, की काही कंपन्या वापरातला लॅपटॉप थोडक्या किमतीत, कधी तर फुकटच, त्याच माणसाला देऊन टाकतात. लॅपटॉप ह्यांचा असो की तुमचा स्वतःचा, घरात आनंदीआनंद होतो. मुलांना वाटते, अभ्यासाची सोय झाली. तुम्हाला वाटते, चला, मसाल्याच्या ऑर्डरींचा हिशेब आता वहीऐवजी यात लिहिता येईल. पण जरा थांबा! वस्तू घरात आली, तरी तिच्या किल्ल्या अजून ऑफिसातच आहेत. ऑफिसच्या देखरेखीखालचा लॅपटॉप कंपनीला लांबूनही पुसून टाकता येतो. त्यात तुम्ही बारशाचे फोटो भरून ठेवले आणि महिन्याभराने कुणी तिकडून बटण दाबले, तर दाद कुणाकडे मागणार?

म्हणून आधी कागद. लॅपटॉप तुम्हाला कायमचा दिला आहे असे कंपनीकडून लेखी घ्या, त्यावर लॅपटॉपचा अनुक्रमांकही असू द्या. "साहेब तोंडी म्हणाले होते" हे पुढे चालत नाही. त्याच वेळी संगणक विभागाला विनंती करा, की हे यंत्र तुमच्या नोंदीतून काढून टाका. ही विनंती नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधीच करावी. एकदा बाहेर पडल्यावर फोन उचलणारेही बदललेले असतात.

मग घरचे सामान बाहेर काढा. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, अनुभवाचा दाखला, फोटो यांची यादी करा आणि परवानगी घेऊन ते आपल्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. ऑफिसची कागदपत्रे, गिऱ्हाइकांचे पत्ते मात्र बरोबर आणू नयेत. ते दुसऱ्याचे धन. आणि एक गोष्ट पुष्कळजणींच्या लक्षातच येत नाही. बँक, विमा, मुलांची शाळा, वीजबिल यांपैकी कुठे ऑफिसचा ई-मेल दिला आहे का? तो पत्ता बंद झाला, की त्यावर येणारा ओटीपीही बंद! सगळीकडे आधी स्वतःचा ई-मेल द्या. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्डही ऑफिसच्या खात्यात असतील, तर त्या खात्याबरोबरच जातील.

आता मुख्य काम. बरेच लॅपटॉप विंडोजवर चालतात, तेच धरून सांगते. अनेक ऑफिसांत लॅपटॉपची चकती बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असते. तिची किल्ली म्हणजे ४८ अंकांचा क्रमांक, आणि साफसफाईच्या वेळी तो विचारला जाऊ शकतो. तो ऑफिसकडून आधीच मागून कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावा आणि विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने जा. विंडोज १० मध्ये हीच रिकव्हरी 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली सापडते. 'रीसेट धिस पीसी' निवडलेत, की दोन पर्याय येतात. 'कीप माय फाइल्स' म्हणजे वरवरची झाडलोट. आपल्याला हवे आहे ते 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पुढच्या बदलांत 'क्लीन डेटा' चालू केले, तर जुना मजकूर परत मिळवणे फार अवघड होते. याला काही तास लागतात, म्हणून रात्रीची जेवणे आटोपल्यावर लावून द्यावे. 'क्लाउड डाउनलोड' निवडाल तर ४ जीबीहून अधिक डेटा खर्च होऊ शकतो. मोबाइलच्या इंटरनेटवर असाल तर 'लोकल रीइन्स्टॉल' बरे.

यंत्र पुन्हा सुरू झाले आणि पडद्यावर जुन्या कंपनीचेच नाव झळकले, तर गोंधळून जाऊ नका. नोंद अजून कंपनीकडेच आहे, एवढाच त्याचा अर्थ. कितीदाही पुसले तरी ती नोंद जात नाही. ती कंपनीनेच काढावी लागते. "पाचशे रुपयांत उघडून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागू नये. ऑफिसला पत्र पाठवा, कागद तुमच्याजवळ आहेच.

आणखी एक पाहून घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. लॅपटॉप फार जुना असेल, तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. ऑफिसने घातलेले वर्ड-एक्सेलही बहुधा त्यांच्याच परवान्यावर असते, ते गेले म्हणून हळहळू नका. मराठी पत्र लिहायला आणि हिशेबाला लिब्रेऑफिस फुकट मिळते, आणि ते छान चालते.

शेवटी नवे खाते उघडताना ते कुणाच्या नावाने उघडायचे? हिशेब तुम्ही ठेवणार, तर खाते तुमच्याच नावाचे हवे. "मला काय कळतंय त्यातलं, ह्यांनाच करू दे," असे म्हणू नका हं! पासवर्ड स्वतः ठरवा, मुलांना वेगळे खाते काढून द्या. नव्या खात्यातही चकतीला कुलूप लागू शकते. तसे झाले तर ती नवी ४८ अंकी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. ती कागदावर उतरवून, जिथे घराची कागदपत्रे आणि दागिन्यांच्या पावत्या ठेवता, तिथेच ठेवा. म्हणजे लॅपटॉप खऱ्या अर्थाने तुमचा झाला.