बेवारस जाळ्यांचा माग

सागराला आपल्या पूर्वजांनी ‘रत्नाकर’ असे नाव दिले. समुद्रमंथनातून चौदा रत्ने निघाल्याची कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. आज वारा आणि प्रवाह अहोरात्र जे मंथन करीत आहेत, त्यातून मात्र वर येते ते प्लास्टिक! हा कचरा शोधून काढण्याच्या कामी ड्रोन आणि उपग्रहाशी जोडलेली उपकरणे कशी साहाय्यभूत ठरतात, याचे एक उद्बोधक उदाहरण प्रशांत महासागरात पाहावयास मिळते.

हवाई बेटे आणि कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान सागरी प्रवाहांचे एक विशाल चक्र फिरत असते. त्याच्या संथ मध्यभागी तरंगता कचरा गोळा होत जातो. १९९७ मध्ये चार्ल्स मूर हे नाविक तेथून जात असता हे दृश्य त्यांच्या दृष्टीस पडले आणि पुढे जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार हा पट्टा सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ निम्मा आहे. त्यात किमान ७९,००० टन प्लास्टिक तरंगत असून वजनाने त्याचा ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा आहे.

पूर्वी जाळी सुताची वा तागाची असत. हरवली तरी ती कालांतराने कुजून जात. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांची जाळी पाण्याहून हलकी, आणि ती कुजतही नाहीत. वादळात तुटलेले किंवा टाकून दिलेले असे जाळे धन्याविना मासेमारी करीतच राहते. कासवे, सील, देवमासे त्यात गुरफटून प्राणास मुकतात. म्हणूनच अशा जाळ्यांना ‘भूतजाळी’ म्हटले जाते.

ही जाळी उचलण्यापेक्षा ती सापडणेच अधिक कठीण. जाळे बहुतांशी बुडालेले असते. जहाजावर उभ्या असलेल्या माणसाला लाटांआड ते दिसत नाही. आज दिसलेले जाळे उद्या कोठे गेलेले असेल, याचा नेम नाही. शोधात जहाज जितके भटकेल, तितका इंधनाचा आणि दिवसांचा खर्च वाढत जातो.

कॅलिफोर्नियातील ‘ओशन व्हॉयेजेस इन्स्टिट्यूट’ ही संस्था आणि तिच्या संस्थापक मेरी क्राउली यांनी यावर एक साधा उपाय योजिला. जाळ्यालाच आपला पत्ता सांगावयास लावायचे! त्या मार्गाने जाणाऱ्या नौकांना आणि जहाजांना मोठ्या चेंडूएवढी जीपीएस उपकरणे देण्यात आली. मोठे जाळे दिसले की खलाशी त्याला हे उपकरण बांधतात आणि आपल्या मार्गाने निघून जातात. उपकरण मात्र उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळवीत राहते.

याचा आणखी एक लाभ आहे. समुद्र कचऱ्याची जणू प्रतवारीच करीत असतो. सारख्या घडणीच्या वस्तूंना वारा व प्रवाह सारखेच ढकलतात, त्यामुळे त्या एकमेकींच्या जवळ येतात. साहजिकच, खूण केलेल्या एका जाळ्यापाशी पोहोचले की आसपास इतरही जाळी सापडतात. ती नेमकी हेरण्यासाठी जहाजावरून ड्रोन सोडले जाते. वरून सरळ खाली पाहता पाण्याची चकाकी कमी जाणवते आणि बुडालेला भागही दृष्टीस पडतो. त्यानंतरचे काम मात्र खलाशांच्या बाहुबलाचे आणि जहाजावरील क्रेनचे.

या पद्धतीने ‘क्वाई’ या शिडाच्या मालवाहू जहाजाने २०१९ मध्ये २५ दिवसांत ४२ अमेरिकी टन कचरा बाहेर काढला. २०२० मधील ४८ दिवसांच्या मोहिमेत हाच आकडा १०३ अमेरिकी टनांवर, म्हणजे सुमारे ९३ मेट्रिक टनांवर गेला.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकांच्या ध्यानी एक गोष्ट आली असेल. ७९,००० टनांपुढे ९३ टन म्हणजे हजारात जेमतेम एक भाग! मोठे जाळे वेळीच काढले, तर त्याचे पुढे होणारे असंख्य सूक्ष्म तुकडे टळतात, हे खरे; पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१० या एका वर्षात किनारी देशांतून ४८ लाख ते १२७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले. सागराच्या खात्यात अशी भर पडत राहिली, तर कितीही उचल केली तरी शिल्लक घटणार नाही.

म्हणूनच उगमापाशीच बंदोबस्त हवा. जहाजांवरून प्लास्टिक समुद्रात टाकण्यास १९८८ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी आहे. प्रत्येक जाळ्यावर मालकाची ओळख पटविणारी खूण असावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये स्वीकारली. धनादेशावरील क्रमांकावरून खातेदार कळावा, तसे खुणेवरून हरवलेल्या जाळ्याचा धनी कळेल.

आपल्या हातून नाल्यात पडलेल्या पिशवीवर मात्र ना क्रमांक असतो, ना जीपीएस. नाल्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात गेलेल्या त्या पिशवीचा माग कोणताही उपग्रह काढणार नाही. तिला घरीच थोपविणे, एवढे तरी आपल्या हाती नाही का?