होकार कोणाचा? : कॉसमॉस बँकेवरील हल्ल्याचा धडा

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. गणेशखिंड रस्त्यावरच्या मुख्यालयाची काच फुटली नाही, की तिजोरीला कोणी हात लावला नाही. १९०६ साली स्थापन झालेली ही बँक पुणेकर मध्यमवर्गाच्या घरातली. आमच्या कोथरूडमध्ये तिच्या मुदतठेवीची पावती कपाटात जपून ठेवलेले घर शोधायला लांब जावे लागत नाही. त्यामुळे त्या आठवड्यात जो तो एकच विचारत होता, ‘आपले पैसे आहेत ना जागेवर?’

होते. खातेदारांच्या खात्यातून एक रुपयाही वजा झाला नव्हता. नुकसान बँकेचे झाले होते. मग पैसे गेले कुठून आणि कसे? मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. जाहीर अहवाल, न्यायालयीन बातम्या आणि रिझर्व्ह बँकेची परिपत्रके वाचत हा विषय शिकलो. त्यातून जे हाती लागले, ते आज घरबसल्या फसवल्या जाणाऱ्या माणसांनाही लागू पडते, असे माझे मत आहे.

दुसरा शनिवार

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात कोल्हापूरसह काही शहरांत रुपे कार्डांवर सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी गेले. रविवार सरला आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतील एका कंपनीच्या खात्यावर वळते झाले.

सुट्टीची निवड सहज झालेली नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर लुटले गेले, तेव्हाही गुरुवारची रात्र निवडली होती. तिथे शुक्रवारी सुट्टी असते.

वॉचमन आणि इंटरकॉम

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते कार्ड कंपनीच्या जाळ्यातून आपल्या बँकेला विचारते, ‘हे कार्ड, हा पिन, दहा हजार मागतात, देऊ का?’ बँकेच्या दारात हा प्रश्न घेणारा संगणक म्हणजे स्विच. तो आतल्या मुख्य प्रणालीला, म्हणजे जिथे आपली खाती असतात तिला, विचारतो आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे उत्तर परत पाठवतो.

सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन हेच करतो. पाहुणा आला की इंटरकॉमवर फ्लॅटमध्ये विचारतो, ‘सोडू का?’ आता समजा, कोणी जिन्याखाली बसून इंटरकॉमची तार आपल्याकडे वळवून घेतली आणि प्रत्येक वेळी तोच ‘सोडा’ म्हणू लागला. वॉचमनने नियम पाळला, वहीत नोंदही केली. फ्लॅटमधल्या माणसाला मात्र घंटीच ऐकू आली नाही.

कॉसमॉसच्या बाबतीत हल्लेखोरांनी खऱ्या स्विचच्या जोडीला बनावट स्विच उभा केला आणि तो परस्पर होकार देत राहिला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचलाच नाही. म्हणून कोणाच्या खात्यात शिल्लक आहे की नाही, हा मुद्दाच उरला नाही. कार्डेही बनावट होती. अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘फास्टकॅश’ या नावाने याच पद्धतीचा इशारा प्रसिद्ध केला आणि तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने मार्च २०१९ च्या अहवालात कॉसमॉसचे प्रकरणही उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडले. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. पण हे रोकड काढणाऱ्या साखळीतले लोक. जिन्याखालचा माणूस हाती लागला नाही.

पडताळणी नावाचे कंटाळवाणे काम

अशा चोरीवर उपाय कोणता? वॉचमनची वही आणि फ्लॅटमधल्या नोंदी वरचेवर ताडून पाहणे. फाटकावर बाराशे पाहुण्यांची नोंद आणि फ्लॅटमध्ये एकाचीही नाही, तर गडबड उघड आहे. बँकिंगमध्ये याला ताळमेळ घालणे म्हणतात. हे काम सुट्टीच्या दिवशीही व्हायला हवे, ही पहिली गोष्ट. ठरावीक वेळात परदेशातून इतकीच रक्कम निघेल, अशी मर्यादा यंत्रणेतच असणे, ही दुसरी.

रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची पायाभूत चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या डिजिटल पसाऱ्यानुसार चार पातळ्या ठरवून दिल्या. त्यावर सहकार क्षेत्रात वाद आहे. चार शाखांच्या बँकेने तज्ज्ञ माणसे आणायची कुठून, हा प्रश्न रास्तच आहे. पण चोर बँकेचा आकार पाहून दया करत नाही. छोट्या बँकांनी एकत्र येऊन पाळतीची सामायिक व्यवस्था उभारणे, हा सहकाराला साजेसा मार्ग मला दिसतो.

आता तार आपल्या घरातली

गेल्या काही वर्षांत हीच युक्ती माणसांवर वापरली जाते आहे. ‘डिजिटल अटके’त पासवर्ड फोडला जात नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास बसवून ठेवतात आणि तो स्वतःच पैसे पाठवतो. बनावट स्विचप्रमाणे इथेही अधिकाराचा आवाज खोटा असतो. मुले परदेशी आणि आयुष्यभराची पुंजी ठेवीत, अशी ज्येष्ठ मंडळी कोथरूडमध्ये पुष्कळ आहेत. म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

फरक आहे तो नुकसान सोसण्यात. कॉसमॉसमध्ये ठेवीदार वाचला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना परस्पर पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. पण धाकाखाली का होईना, बटण ग्राहकानेच दाबले असेल, तर या संरक्षणाचा आधार मिळणे कठीण. बँकेची फसवणूक झाली तर तो ‘हल्ला’ आणि म्हाताऱ्या माणसाची झाली तर तो ‘निष्काळजीपणा’, हा हिशेब मला न्याय्य वाटत नाही.

आतापर्यंत ओळख पटवण्याचे ओझे ग्राहकावरच होते : पिन, ओटीपी, अंगठा. आता कुठे समोरच्यानेही ओळख पटवावी अशी पावले पडत आहेत. बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता आला. बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरले. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना पैसे कोणाच्या नावावर जाणार ते आधी दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्यास बँकांना सांगण्यात आले. माझ्या मते यापुढचे पाऊल म्हणजे नव्या खात्यावर जाणारी मोठी रक्कम काही तास अडवून धरणे. व्यवहाराचा वेग कमी होईल, हा आक्षेप खरा आहे. रुग्णालयाच्या बिलासारख्या अडचणीसाठी वेगळी वाटही ठेवावी लागेल. पण आयुष्यभर साठवलेली रक्कम दहा मिनिटांत जाण्याची गरज कोणाला असते? बहुतेक वेळा चोरालाच.

तोवर आपल्या हाती असलेले उपाय साधे आहेत. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही. अधिकाराने बोलणारा फोन आला की तो ठेवावा आणि त्या कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधून आपण फोन करावा; समोरच्याने दिलेला क्रमांक वापरू नये. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० वर आणि बँकेत कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. लाजेपोटी गप्प बसण्यात ते तास जातात, आणि पैसेही.