डीजेचा दणदणाट आणि कानातल्या पेशी

बारामती-इंदापूर भागात वरातीत डीजेसमोर नाचून आल्यावर अनेकांच्या कानात शिट्टीसारखा आवाज येतो, कान बधिर वाटतात. असे का होते?

प्रत्येक आंतरकर्णात सुमारे १५,००० केसपेशी असतात. त्या ध्वनिकंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, काही मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. गाणे आवडीचे असो वा नसो, पेशींना कळते ती फक्त आवाजाची तीव्रता आणि वेळ. ८५ डेसिबलला सुरक्षित मर्यादा ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे!

काय करावे?
स्पीकरपासून लांब राहा, इअरप्लग वापरा, लहान मुलांना दूर ठेवा. अचानक ऐकू येणे कमी झाले, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.