ब्रेडमधला खडू, बिबड्यांतला तीळ

दुधात घालायच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात विकू नका, अशी तंबी केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दिली. अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही, हे त्यामागचं कारण. तरीही वाचक विचारतात: कॅल्शियम डब्यातून घ्यावं की ताटातून?

याच प्रश्नावर एका बाईने स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले होते. एल्सी विडोसन. १९३३ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात तिची गाठ रॉबर्ट मॅकॅन्स या डॉक्टरशी पडली. फळांतल्या साखरेचे तुमचे आकडे चुकलेत, असं या तरुण मुलीने त्यांना तोंडावर सांगितलं. मॅकॅन्सनी रागावण्याऐवजी तिला कामावर घेतलं! पुढे दोघांनी मिळून अन्नघटकांचा जो ग्रंथ रचला, त्यावर पहिलं नाव मात्र मॅकॅन्सचं.

दुसऱ्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी ब्रिटनने कोंड्यासकट पिठाचा ब्रेड आणला. तसा ब्रेड खाऊन दोघांनी आपल्या पोटात किती कॅल्शियम गेलं आणि किती बाहेर पडलं, याचा हिशेब मांडला. कोंड्यातलं फायटिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, ते शरीराला मिळू देत नाही, हे त्यातून दिसलं. उपाय? पिठात खडू मिसळा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ब्रिटनमधल्या मैद्यात तो आजही कायद्याने घालतात.

मग आपल्या भाकरीचं काय? एका भाकरीला साठ ग्रॅम पीठ धरा. ज्वारीच्या भाकरीतून वीस मिलिग्रॅमही कॅल्शियम मिळत नाही. खानदेशातल्या साक्रीच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातल्या नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी दोनशेच्या वर जाते. प्रौढांची रोजची गरज २०२० च्या शिफारशीनुसार १००० मिलिग्रॅम. आधी ती ६०० होती. जळगावच्या केळ्याचं कितीही कौतुक असलं, तरी शंभर ग्रॅम केळ्यात दहा मिलिग्रॅमही कॅल्शियम नसतं.

फायटिक आम्लावरचा उतारा मात्र खानदेशाच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात वाळत असतो. बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारीचा भरडा दोन-तीन दिवस आंबवतात, तीळ, लसूण, मिरची घालून शिजवतात आणि ओल्या कापडावर थापतात. आंबवताना फायटिक आम्ल बरंच फुटतं. वरून तीळ! दहा ग्रॅम सालासकट तिळात सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं; साल काढून पांढरेशुभ्र केलेले तीळ त्यातलं बहुतेक गमावतात. सालातलं सगळंच अंगी लागत नाही, हेही खरं, कारण त्यात ऑक्झलेट असतं. पालकाची हीच गत: त्यातलं जेमतेम पाच टक्के कॅल्शियम शरीराला मिळतं, दुधातलं तीस टक्क्यांच्या घरात. भाजीच हवी तर मेथी बरी.

आता डबा. त्यातलं कार्बोनेट खोटं नाही. ते दुधातल्याइतकंच शोषलं जातं. गोम आकड्यात आहे. ‘शंभर ग्रॅममध्ये’ म्हणून छापलेला आकडा मोठा दिसतो, पण आपण घालतो दोन चमचे, आणि तेही दुधात. पेल्यातल्या कॅल्शियमचा मोठा वाटा त्या दुधाचाच असतो. दुधाच्या पिशवीवरच्या निळ्या ‘+एफ’ खुणेनेही फसू नका: त्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं, कॅल्शियम नाही. ड जीवनसत्त्व कॅल्शियम शोषायला लागतं, म्हणून ती पिशवी घ्यायला हरकत नाही.

दूध पचत नसेल, तर कॅल्शियम घातलेलं सोयादूध जरूर घ्या. पिण्याआधी बाटली हलवा, कारण कॅल्शियम तळाशी बसतं. बाकीच्यांना दोन पेले दूध किंवा त्याचं दही-ताक, एक नागलीची भाकरी, तिळाची चटणी आणि मेथी एवढ्यावर हजाराच्या जवळ जाता येतं. डब्याचे पैसे नागलीवर घाला.