पिचरच्या हातातील बॅट

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या मनाला अष्टपैलू खेळाडूचे फारसे नवल वाटत नाही. १९५२ साली लॉर्ड्सवर विनू मांकडांनी एकाच कसोटीत ७२ आणि १८४ धावा काढल्या व पाच बळीही घेतले, याचा आपण अभिमान बाळगतो, पण त्यांच्या गोलंदाजीने फलंदाजीला बाध कसा आला नाही, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. बेसबॉलमध्ये मात्र पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, बॅट चालविणे निसर्गतःच साधत नाही, हा समज इतका दृढ झाला आहे की तो तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

वास्तविक शाळकरी वयात जो मुलगा उत्तम चेंडू फेकतो, तोच पुष्कळदा संघातला उत्तम फटकेबाजही असतो. पुढे व्यावसायिक संघात शिरताच त्याच्या कामाची वाटणी होते. सामन्याचा आरंभ करणाऱ्या पिचरला चार-पाच दिवसांतून एकदाच मैदानात उतरावयाचे असल्यामुळे, इतरांच्या हाताला रोज घडणारी सवय त्याच्या हाताला घडत नाही. आणि ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू साडेअठरा मीटरांचे अंतर सुमारे ०.४ सेकंदात तोडून येत असताना, सवय सुटलेल्या हाताने तो गाठणे दुष्कर व्हावे, यात निसर्गाचा काय दोष? ज्यांनी ती सवय राखली, त्यांचे दाखले दप्तरी आहेतच. क्लीव्हलंडच्या वेस फेरेलने २९ एप्रिल १९३१ रोजी सेंट लुईसच्या संघाला सबंध सामन्यात एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळू दिली नाही आणि त्याच सामन्यात स्वतः होम रनही (चेंडू कुंपणापार धाडणारा फटका) मारली. अटलांटाच्या टोनी क्लोनिंगरने १९६६ साली, तिन्ही बेसवर आपले धावक उभे असताना, एकाच सामन्यात दोनदा होम रन मारली, तोही पिचरच.

दुसरा गैरसमज विख्यात फटकेबाज बेब रूथविषयीचा. तो आयुष्यभर दोन्ही कामे करीत होता, असे पुष्कळांना वाटते. बोस्टनचा पिचर म्हणून १९१६ साली त्याने २३ सामने जिंकले हे खरे. परंतु दोन्ही कामे पूर्ण जबाबदारीने त्याने केली ती मुख्यतः १९१८ आणि १९१९ या दोन हंगामांत. न्यूयॉर्क यांकीजकडे गेल्यावर पुढील पंधरा वर्षांत त्याने अवघ्या पाच सामन्यांत चेंडू फेकला, आणि ते पाचही जिंकले.

तिसरा गैरसमज एका नियमाविषयीचा. पिचरच्या ऐवजी दुसऱ्याच कोणी फलंदाजी करण्याची मुभा मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगने १९७३ साली दिली, नॅशनल लीगने २०२२ साली ती कायमची मंजूर केली, आणि पिचरच्या हातून बॅट काढून घेणारा हुकूम म्हणून जुन्या रसिकांनी तिच्यावर रोष धरला. तो रोष मी समजू शकतो. तथापि दोन्ही कामे करणारा आजचा खेळाडू शोहेइ ओहतानी जो फुलला तो याच तजविजीच्या आश्रयाने, कारण चेंडू न फेकण्याच्या दिवशी, क्षेत्ररक्षणाचा ताण न घेता, तिनेच त्याला फलंदाजीस उभे राहू दिले; आणि २०२२ पासून पिचर म्हणून बाहेर पडल्यावरही फलंदाज म्हणून खेळत राहण्याची सवलत मिळाली. त्याच वर्षी त्याने पिचर म्हणून १५ सामने जिंकले आणि ३४ होम रन मारल्या. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी मिलवॉकीविरुद्ध त्याने पहिल्या फलंदाजाला वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस, दिला, पुढच्या तिघांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले, आणि लगेच बॅट घेऊन स्वतःच्या संघाच्या डावाचा आरंभच होम रनने केला. रात्र संपली तेव्हा त्याच्या नावावर दहा स्ट्राइकआउट आणि तीन होम रन होत्या.

ओहतानीची थोरवी सांगताना ‘रूथनंतर शंभर वर्षांत असा कोणी झालाच नाही’ असे जे म्हटले जाते, ते मात्र मला सर्वांत अधिक सलते. असे खेळाडू झाले होते. १९४७ पर्यंत वर्णभेदाने मेजर लीगची दारे त्यांना बंद होती, इतकेच. कॅन्सस सिटी मोनार्क्सचा बुलेट रोगन सामन्याचा पिचर असूनही फलंदाजीच्या क्रमात चौथा, म्हणजे सर्वांत भरवशाच्या फटकेबाजाच्या जागी येई. क्यूबाचा मार्तिन दिहिगो चेंडू फेकी, बॅट चालवी आणि मैदानातील जवळजवळ कोणतीही जागा सांभाळी. तो १९७१ साली वारला आणि कूपर्सटाउनच्या बेसबॉल सन्मानदालनात त्याला १९७७ साली स्थान मिळाले. रोगनला ते मिळाले १९९८ साली, त्याच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी.