आउटबोर्ड इंजिनाची आगोट

दर्या आणि यंत्र : भाग ६

मे महिना सरत आला की देवगडच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढण्याची लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक मासेमारी बंद असते. जाळी धुऊन, वाळवून घरात जातात, होड्या झापांनी आणि ताडपत्रीने शाकारल्या जातात. होडीच्या मागे लावलेले आउटबोर्ड इंजिन मात्र पुष्कळदा उतरवून तसेच पडवीच्या कोपऱ्यात ठेवले जाते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास दोरी ओढली की ते दाद देत नाही आणि हंगामाचे पहिले दिवस मेकॅनिकच्या दारात जातात. गेल्या भागात हे इंजिन समुद्राचे पाणी ओढून स्वतःला थंड कसे ठेवते ते पाहिले. आज त्याच इंजिनाच्या आगोटीविषयी.

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे आउटबोर्ड इंजिनाचा धंदा सुरू केला. तिथली तळी हिवाळ्यात गोठतात. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि इंजिनात राहिलेले पाणी धातूला तडा देते. म्हणून थंड देशांच्या माहितीपुस्तकांत सारा भर पाणी काढून टाकण्यावर असतो. आपल्याकडे बर्फाचे भय नाही. आपला शत्रू मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी ओघळून गेले तरी क्षार आतल्या वाटांत चिकटून राहतात. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठही ओल धरून विरघळू लागते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याहून जास्तच असते. म्हणजे इंजिन घरात कोरडे दिसत असले तरी आतून दोन महिने खाऱ्या पाण्यातच असते.

म्हणून पहिले काम गोड्या पाण्याने धुण्याचे, आणि तेही शेवटची फेरी संपताच. इंजिन पिंपात उभे करावे. पाणी ओढणारी जाळी पूर्ण बुडेल इतके गोडे पाणी पिंपात हवे. मग न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर ते दहा-पंधरा मिनिटे चालवावे. थर्मोस्टॅट असलेल्या इंजिनात तो उघडल्यावरच पाणी सगळ्या वाटांत फिरते, म्हणून दोन मिनिटांत उरकू नये. पाण्याशिवाय तर क्षणभरही चालू करू नये, पंपातील रबरी इम्पेलर कोरडा घासून जळतो.

धुणे संपत आले की इंजिन चालू असतानाच इंधनाची नळी काढावी. कार्बोरेटरमधले पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडेल. केरोसिनवर चालणारे इंजिन आधी पेट्रोलवर आणावे. नंतर कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढावेत. राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर बारीक छिद्रे बुजवतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल ओढते. पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, टू-स्ट्रोकसाठी मिसळलेले ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. इंजिन तळातून ओढते, म्हणजे ऑइलविनाच चालते. पावसाळाभर ठेवलेले पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरू नये ते यासाठी.

इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, स्टॉप स्विचची क्लिप काढून ठेवावी आणि दोरी तीन-चार वेळा सावकाश ओढावी. पिस्टनवर आणि भिंतींवर तेलाचा थर बसतो. फोर-स्ट्रोक इंजिनाचे ऑइलही आताच बदलावे, कारण जुन्या ऑइलमध्ये ओल आणि आम्ल साठलेले असते.

आता खालचा गिअरबॉक्स. आधी खालचा स्क्रू सोडावा, मग वरचा. तेल दुधाळ निघाले तर सील गेले आणि पाणी आत शिरले आहे. ते तसेच ठेवले तर दोन महिन्यांत बेअरिंग गंजते. नवे तेल खालच्या छिद्रातून वर चढवत भरावे, वॉशर नवे घालावेत. पंखाही काढून पाहावा. जाळ्याचा नायलॉनचा धागा शाफ्टला गुंडाळून सील कापतो, आणि पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही. शाफ्टला ग्रीस लावून पंखा परत बसवावा. जस्ताचा ॲनोड अर्धा झिजला असेल तर बदलावा. इंजिनाऐवजी झिजणे हेच त्याचे काम, म्हणून त्याला रंग लावू नये.

शेवटी ठेवण्याची जागा. लाकडी घोड्यावर इंजिन उभे ठेवावे, म्हणजे राहिलेले पाणी खाली निथळते. आडवे ठेवून पंख्याकडची बाजू वर राहिली तर तेच पाणी सिलिंडरकडे उतरते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो. सुती कापड टाकावे आणि वारा खेळू द्यावा. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून पावसाळ्यात मधून मधून झाकण उघडून पाहावे.

काढलेले जुने तेल मात्र खाडीत ओतू नका. त्याच खाडीत आपल्या कालवांचे आणि तिसऱ्यांचे घर आहे. डब्यात भरून गॅरेजला द्या. ही सारी कामे मिळून एका दिवसाची आहेत. पाऊस चार दिवसांवर आला आहे. होडी शाकारण्याआधी इंजिन धुऊन घ्या.

(पुढील भागात : हंगाम उघडताना इम्पेलर आणि प्लगची तपासणी)