दोन डोळे, एकाच गालावर!

केज तालुक्यातल्या नांदूरघाटला मासा म्हटलं की रोहू नाहीतर कटला. दोन्ही अंगांनी सारखा, सरळ पोहणारा, सभ्य प्राणी. सह्याद्री उतरून कोकण किनाऱ्यावर गेलात की भेटतो लेप, मालवणीत लेपो. हा पठ्ठ्या जन्मभर एका कुशीवर पडून राहतो आणि त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला!

जन्मतः तो असा नसतो. पिल्लू चारचौघांसारखंच सरळ पोहतं, डोळेही दोन बाजूंना दोन. पुढं काही आठवड्यांत कवटी पिळवटते आणि एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडच्या डोळ्याशेजारी जाऊन बसतो. हा खेळ थायरॉइडच्या संप्रेरकाचा. बेडकाच्या पिल्लाची शेपटी अंगातच जिरते तीही त्याच्याच हुकमानं.

लेपाचे डोळे डाव्या अंगाला असतात. त्याचा भाईबंद भाकस अर्धवट सुधारलेला: त्याचा फिरता डोळा टाळूच्या कडेलाच अडकतो, आणि काही भाकस डावे निघतात, काही उजवे.

या डोळ्यानं डार्विनलाही घाम फोडला. अर्धाच सरकलेला डोळा माशाच्या काय कामाचा, असं मायव्हर्ट या टीकाकारानं विचारलं. डार्विननं आपल्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या 1872च्या आवृत्तीत उत्तर दिलं. पुरावा मात्र 2008 साली आला. संशोधक मॅट फ्रीडमन यांनी सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म तपासले, त्यात डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर होता!

मुक्काम चिखल-वाळूच्या तळावर. परांची सळसळ केली की अंगावर वाळू, बाहेर फक्त डोळे. खाणं किडे आणि बारीक कोळंबीसारखे जीव. रोहू कापताना निघतो तो हवेचा फुगा मोठ्या झालेल्या लेपाच्या पोटात नसतो; तळाशीच पडायचं तर तरंगायचं कशाला?

रंग बदलण्यात ही चपट्या माशांची जमात उस्ताद. व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 1996 साली एका चपट्या माशाला बुद्धिबळाच्या पटासारख्या तळावर ठेवलं, तर काही सेकंदांत अंगावरची नक्षी बदलली. तांबड्या समुद्रातला एक चपटा मासा तर असं विष सोडतो की शार्कचा वासलेला जबडा मिटतच नाही.

एक लोकप्रिय थाप मात्र सोडून द्या. 1960 साली समुद्रात सुमारे 10,900 मीटर खोल उतरलेले संशोधक पिकार्ड यांनी तिथं चपटा मासा पाहिल्याचं सांगितलं. तज्ज्ञांना ते पटत नाही. कॅमेऱ्यात सापडलेला सर्वांत खोल मासा 8,336 मीटरवरचा, आणि तोही चपटा नव्हे.

कोकणात लेपाची साल सोलतात आणि रवा लावून तळतात. काटा मधोमध, म्हणून मराठवाड्यातल्या पाहुण्यालाही जमतो. मालवणच्या बाजारात गेलात तर मासा पोट खाली, शेपूट आपल्याकडे असा धरा. डोळे उजवीकडे दिसले, तर तो बहुधा लेप नव्हे. भाव करण्याआधी विचारा.